बहिणीच्या झाडाची लिंबं

रामले, इस्रायल
३ मार्च १९५७

प्रिय आईस, रिबकाचा शालोम आणि नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला गेला. यांना कारखान्यात कायम केलं.

आमच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. घर सरकारने दिलं, पण झाड कुणाचं ते कळेपर्यंत एकही लिंबू तोडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. बाबांचीच शिकवण. शेजारच्या पेणकरवहिनी हसतात. "आता तुझंच की गं ते!"

शेवटी गळालेली लिंबं ताटात भरून मी पलीकडच्या अरब बाईंकडे, उम्म सलीमकडे, नेली. त्या ताटाकडे बघतच राहिल्या. मग मोडक्या हिब्रूत म्हणाल्या, "झाड माझ्या बहिणीचं. लढाईत ती सरहद्दीपलीकडे गेली." आणि दार लावून घेतलं. आठ दिवस मला घास गोड लागला नाही.

काल त्या स्वतः ताट घेऊन आल्या. त्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी. "रिकामं ताट कसं देऊ?" म्हणाल्या. अगदी आपल्यासारखंच! आता दर मंगळवारी त्या माझ्याकडे शिवणकामाला येणार आहेत. पेणकरवहिनींनाही बोलावलं, तर अरब बाईबरोबर बसायचं म्हणून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शेजारात मराठी बोलायला त्या एकट्याच होत्या गं.

गिरगावात शांत आहे ना? दादा अजून संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना जातो? गोळीबारानंतर, शेजारच्या जयाबेन गुजराती म्हणून तू त्यांच्याशी अबोला धरलास आणि त्यांचं ताट आपल्या फडताळातच राहिलं. आई, त्यात मलिदा भरून तूच आधी जा.

आपल्या रीतीप्रमाणे इथूनच तुझा हात हातात घेऊन मग माझी बोटं ओठांना लावते.

तुझी,
रिबका