अमेरिकेचा कोट

त्रिएस्त,
१० मे १९४५

प्रिय दानित्साताई,

आपण जिंकलो!

बाकी सगळं नंतर. चार वर्षं हे दोन शब्द लिहायला हात शिवशिवत होते. मी जिवंत आहे, हातपाय जागच्या जागी आहेत, डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं एवढंच. तू आणि भावोजी बरे आहात ना? पोरं आपली भाषा विसरली नाहीत ना? भावोजींना सांग, त्यांच्या कारखान्यातलं थोडंफार पोलाद आमच्यापर्यंतही पोचलं, आणि आम्ही ते वाया घालवलं नाही.

एक विनंती आहे. तुझी खोड मला ठाऊक आहे. पत्र हाती पडलं की तू आधी शेवट बघतेस. या खेपेला तसं करू नकोस. माझी शपथ आहे तुला, सुरुवातीपासून वाच.

ताई, शेळ्या हरवल्या म्हणून तू ज्याला काठीनं बडवलंस, तो आता अख्ख्या ब्रिगेडचा कमांडर आहे. हस खुशाल. पण आम्ही आपल्या लिकाच्या डोंगरांतल्या बर्फातून निघालो ते थेट समुद्राशी येऊन थांबलो. वाटेत एक गाव सोडलं नाही. पायात बूट नव्हते, ट्रकच्या टायरचे तुकडे बांधून चाललो. तोफा खेचायला खेचरं कमी पडली तेव्हा माणसांनी खेचल्या. आणि समुद्र दिसला तेव्हा काय झालं सांगू? निम्म्या पोरांनी तो जन्मात पाहिला नव्हता. एकानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि ओरडला, "अरे, आम्ही चार वर्षं अळणी कोबी खातोय, आणि इथं एवढं मीठ सांडून ठेवलंय!" हसून हसून पोटं दुखली आमची. मग सगळेच पाण्यात उतरले, बंदुका डोक्यावर धरून.

शहरात गल्लीगल्लीतून लढाई झाली. शेवटी एका शाळेत जर्मन अडून बसले होते, त्यांनी पांढरी चादर बाहेर काढली. मी टोपी काढून घाम पुसत आत गेलो. त्यांचा मेजर माझी दाढी बघून एकदम खूश! हात पुढे करून हसायला लागला. त्याला वाटलं, मी राजाच्या दाढीवाल्यांपैकी, म्हणजे त्याच्याच दोस्तांपैकी. मग मी टोपी चढवली. तिच्यावर बशीएवढा लाल पत्र्याचा तारा आहे. त्याचं हसू असं काही आटलं की बस! त्यानं कमरेचं पिस्तूल मुकाट्यानं टेबलावर ठेवलं. माझ्या मागे उभी असलेली पोरं एवढ्या जोरात आरोळ्या ठोकत होती की बहुतेक तेव्हाच माझा कान गेला.

काल तर सगळंच संपलं. बंदरातल्या बोटींचे भोंगे, चर्चच्या घंटा, बायका खिडक्यांतून फुलं टाकतायत, आमचा आचारी कढईवर पळी बडवत नाचतोय. मीही नाचलो. कोलोच्या रिंगणात सगळ्यात पुढे मी होतो.

आता तू विचारशील, दाढी कसली? आणि तू अमेरिकेहून पाठवलेला तो तपकिरी कातडी कोट कुठाय?

सांगतो. दमानं सांगतो.

त्या कोटानं तू आम्हा दोघा भावांत केवढी भांडणं लावलीस, तुला कल्पना नाही. एक रविवार माझा, एक सिमोचा. लोकरी कॉलरचा असा कोट अख्ख्या लिकात दुसरा नव्हता. लढाईत तर ती माझी खूणच झाली. लांबून कोट दिसला की आमची माणसं म्हणायची, आला कमांडर. समोरच्यांनाही तो ठाऊक झाला होता.

दाढीचं असं, की आमच्याशी लढणारे राजाचे लोक दाढ्या वाढवतात. अंधारात, धुक्यात आपला कोण नि परका कोण, कळणार कसं? म्हणून मीच हुकूम काढला होता: ब्रिगेडमध्ये प्रत्येकानं रोज दाढी करायची, आणि दाढीवाला दिसला की आधी पकडायचा, मग विचारायचं. पोरं बर्फाच्या पाण्यानं, बोथट वस्तऱ्यानं गाल सोलून घ्यायची आणि मला शिव्या घालायची.

मार्च सरत आला होता. सकाळी पहारेकरी धावत आला. "कॉम्रेड कमांडर, एक म्हातारा धरलाय! गालभर दाढी, सोबत रिकामा घोडा, आणि म्हणतो काय, मी कमांडरला न्यायला आलोय!"

"एकटाच?"

"एकटाच! आणि वर आम्हालाच दम देतोय, हात लावाल तर कान उपटीन म्हणून."

कान उपटीन म्हटल्यावर मी ओळखलं. धावत सुटलो. बाबा होते, ताई. झाडाला बांधून ठेवले होते पोरांनी. खोगिरावर आईनं विणलेलं कांबळं घडी करून ठेवलं होतं, मला गुंडाळून न्यायला. कुणीतरी गावात जाऊन सांगितलं होतं की पुलावरच्या लढाईत स्तोयान पडला. म्हणून म्हाताऱ्यानं दाढी वाढवली, आपल्यात मुलगा गेला की चाळीस दिवस वाढवतात तशी, आणि माझा देह घरच्या मातीत ठेवायला बर्फ तुडवत आला.

दोर सोडल्यावर त्यांनी आधी माझ्या दोन्ही खांद्यांना हात लावून पाहिला, मग फाडकन एक थोबाडीत दिली. "मेल्या, जिवंत आहेस तर कळवायला काय झालं होतं?" आणि मिठीच मारली. पहारेकरी रडत होते, हसत होते. बाबा ओरडले, "कोण आहे रे न्हावी तुमच्यात? काढा ही दाढी! माझा मुलगा जिवंत आहे!"

न्हावी आला. बाबांना खोक्यावर बसवलं. कुणी राकियाची बाटली आणली, कुणी गाणं सुरू केलं. एक गाल साफ झाला. बाबा गप्पा मारत होते, गाय व्यायली, आईचा गुडघा दुखतो. मी नुसता मान हलवत होतो. आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पण स्तोयान, तो माणूस म्हणाला, कोट त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग कोट कुणाच्या अंगावर होता?"

ताई, मी डोक्यावरची टोपी काढली.

बाबांनी न्हाव्याचा हात धरला. "राहू दे," म्हणाले.

सिमोला ताप होता. थंडीनं दात वाजत होते. पुलावर जायच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या अंगावरचा कोट काढून त्याला चढवला. नको नको म्हणत होता, "आज रविवार तुझा आहे," म्हणून थट्टा करत होता. सकाळी समोरच्यांनी कोट ओळखला. त्यांना कमांडर हवा होता.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. वाटलं, आता आणखी एक थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खांद्यावर पडलेले दाढीचे केस झटकले. मग म्हणाले, "थंडी वाजत होती ना त्याला? मग बरं केलंस. कुडकुडत नाही गेला माझा पोर." तसेच उठले, एका गालावर दाढी नि एक गाल कोरा, आणि म्हणाले, "चल, कुठे ठेवलायस दाखव."

आम्ही दोघांनी त्याला मातीतून काढलं, कांबळ्यात गुंडाळलं, घोड्यावर घातलं. कोट त्याच्या अंगावरच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी मी दाढी केली नाही. आमचा राजकीय अधिकारी वुकाशिन, एरवी शाळामास्तर माणूस, माझ्यावर उखडला. "हुकूम तुझा, आणि मोडतोस तूच? इथं कुणाचं कोण गेलं नाही?"

"तू म्हणतोस ते खरं आहे," मी म्हटलं. "तरी मी करणार नाही."

"अरे, आपलीच पोरं तुला गोळी घालतील!" मग तणतणत गेला आणि संध्याकाळी आचाऱ्याकडून डब्याचा पत्रा कापून, लाल रंगवून घेऊन आला. "निदान हा लाव टोपीला. एका मैलावरून दिसेल." तोच तो तारा. तो लावून, सिमोच्या नावाची दाढी घेऊन, मी या शहरात शिरलो. पुलावरून निघालेली ब्रिगेड त्याच्यासकट समुद्राशी पोचली, असं मी समजतो.

काल त्या दाढीचे चाळीस दिवस भरले. बाबांनी गावी आता दोन्ही गाल साफ केले असतील. न्हावी केव्हापासून दारात वस्तरा घेऊन उभा आहे, त्याला म्हटलं, थांब, आधी ताईला कळवू दे.

ताई, आज शेजारणींना बोलव, टेबलावर जे असेल ते मांड आणि नाच. जिंकलोय आपण, आणि त्यात तो आहे. उद्या डोक्याला काळा रुमाल बांध. तुझे चाळीस दिवस उद्यापासून.

आणि कोट फार छान होता. आमच्यापैकी कुणीच तुला हे कधी लिहिलं नव्हतं.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली सिमो माझ्या हातातून पेन ओढून आधी स्वतःची सही ठोकायचा. त्याची जागा वर सोडली आहे.

 

तुझा
स्तोयान