चौदा लिटरचा पाट

रबात, ३ मार्च २०११

ती. बास्सूमामांस, तुदाचा सलाम. वि. वि.

पत्र एवढ्यासाठी, की गावचा फोन हद्दूच्या दुकानात आहे आणि तिथे तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळं गाव देतं. मामी बरी असेल.

कलिंगडवाल्या कंपनीने आमच्या पाणी खात्याकडे वरच्या माळावर आणखी अकरा खोल विहिरी मागितल्या आहेत. आधार माझाच अहवाल : तिघ्रेम्तच्या पाटाला सेकंदाला चौदा लिटर पाणी. तुम्ही तर लिहिता, खालच्या खजुरी वाळल्या. पहिल्या चार विहिरींनी एवढं पाणी ओढणं माझ्या आकडेमोडीत बसत नाही. दोन वर्षांपूर्वी मी मोजायला आले, त्या दिवशी पाट नेहमीसारखा होता का? सरळ सांगा.

तुमची तुदा

तिघ्रेम्त, १२ मार्च

चि. तुदास, अ. आ.

हद्दूला नावं ठेवू नकोस. गावातली पहिली इंजिनीअर म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला तोच तुझं कौतुक सांगतो.

पाट नेहमीसारखा नव्हता. चार दिवस कुणीच पाण्याची पाळी घेतली नाही. जमिनीखालच्या पाटात मातीचा बांध घालून पाणी तुंबवलं आणि तुमची जीप दिसली तसा फोडला. पाटकरी मी, तेव्हा डोकंही माझंच. बरोबर परदेशी बँकेचे साहेब, आणि आपल्या पोरीला करंगळीएवढी धार दाखवायची? माझ्या लहानपणी फ्रान्सच्या कोळशाच्या खाणींसाठी माणसं निवडायला यायचे, दंड चाचपायचे. तेव्हाही तुझे आजोबा असेच छाती फुगवून उभे राहिले होते.

हे कुठे लिहू नकोस. गाव लबाड ठरेल, तुझी नोकरी जाईल.

तुझा मामा

रबात, २० मार्च

ती. मामांस, सलाम. वि. वि.

सगळा दोष बांधाचा नाही. तीन मापं घ्यायची असतात. पहिलं चौदा आलं, दुसरं अकरा, तिसरं आठ. धार उतरतेय हे मला कळलं होतं. साहेब बघत होते, आणि आपलं गाव त्यांना भिकारी दिसायला नको होतं. मी पहिला आकडा लिहिला आणि वही मिटली. त्या आकड्यावर पहिल्या चार विहिरींना परवाना मिळाला. वीस टन कलिंगडांचा ट्रक युरोपला जातो, तेव्हा त्यातून अठरा टन पाणी जातं. हे गणित मला तेव्हाही येत होतं.

मी अहवाल मागे घेते आहे. नोकरीचं मी बघेन. पण कंपनी म्हणेल, पोरगी त्याच गावची, आता फिरली. पाटकऱ्याची साक्ष लागेल. सुनावणी अठ्ठावीस एप्रिलला आहे. तुम्ही आला नाहीत तर मी रागावणार नाही. पण विहिरी होतील.

तुदा

तिघ्रेम्त, ९ मे

चि. तुदास, अ. आ.

सुनावणीत मी बांधाचं सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मीही तुझ्याकडे नाही. बरं झालं. आपल्याकडच्या विहिरी थांबल्या. गावात अजून कुणी आम्हाला चहाला बोलावत नाही. मामी म्हणते, दुसऱ्यांची साखर वाचली.

त्याच अकरा विहिरी आता डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जाणार म्हणतात. तिथला पाटकरी इश्शू परवा भेटून गेला. त्यांच्याकडे पाणी मोजायला पाहुणे यायचे आहेत. मी त्याला काहीही न लपवता सांगितलं, वाळलेल्या खजुरी फिरून दाखवल्या, तुझी नोकरी गेल्याचंही सांगितलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग उठता उठता हळूच एवढंच विचारलं, की बांध किती उंच घातला होता.

आमच्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा मामा