ओढ्याचं गढूळ पाणी

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई दोन घास जास्त जेवली हे वाचून बरं वाटलं. इकडे नवीनच खूळ निघालंय. आमच्या या डोंगरावरच्या गावाला दीडशे वर्षं होणार, म्हणून पालिकेला पर्यटकांसाठी माहितीपुस्तिका हवी, आणि लिहायला सापडलो मी, तळ्याचा चौकीदार! एकोणीस वर्षं इथं आहेस, तुलाच सगळं ठाऊक, असं इंजिनिअरसाहेब म्हणाले.

लिहितोय. कुठल्या गोऱ्या साहेबाला खालचा उन्हाळा सोसेना म्हणून तो घोड्यावरून वर आला, सूर्यास्ताच्या कड्याला कुठल्या मडमेचं नाव पडलं, चौथऱ्यावर कोणता बँड वाजायचा. तळ्याबद्दल मात्र मनापासून लिहिलं. ते मातीचा बांध घालून अडवलेलं आहे, हे होडीत बसणाऱ्यांच्या गावीही नसतं. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर स्वच्छ असला तर काळजी नाही, गढूळ आला तर बांध आतून खचतोय असं समजायचं. म्हणून मी रोज सकाळी, बांधाखाली पाझर जिथं जमतो त्या नाल्यावर, बाटली भरून उजेडात धरतो. तळ्याचं पाणी सोडायचं दार आहे, त्या दाराच्या खोलीत बांध घालणाऱ्या गोऱ्या साहेबानं लावलेली पितळी पाटी आहे, तिचा अर्थ असा, की पाझर गढूळ दिसल्यास आधी दार उघडा, मग विचारा. दर सोमवारी घासतो ती. पाहण्यासारख्या ठिकाणांत तिचाही नंबर लावलाय.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझा धाकटा

८ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माठ पाझरला तर घर वाहून जाईल म्हणून रडणारा तू, भित्री भागूबाई, आता अख्ख्या तळ्याची राखण करतोस! मला अजून हसू येतं.

आईचं अंथरूण रोज धुवावं लागतं, आणि गेले आठ दिवस मागचा ओढा नुसता चहासारखा येतोय. पांढऱ्या चादरी पिवळ्या पडल्या. पावसाचा थेंब नाही. तो तुमच्याच डोंगरातून येतो, तेव्हा वर कुणी खोदकाम काढलं असेल तर माझ्या नावानं चार शब्द सुनाव.

तब्येतीला जप आणि ताईला विसरू नकोस.
तुझी ताई

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी नाल्यावर धावलो. माझी बाटली आजही स्वच्छ आहे. म्हणून तुझ्या ओढ्याच्या कडेकडेनं वर चढत गेलो. बांधाच्या डाव्या टोकाला, झुडपांत, मनगटाएवढी धार लागलीय. गढूळ. पायाखालची माती दबते. पाण्यानं दुसरी वाट काढली, आणि मी रोज जुन्याच जागी बाटली भरत बसलो!

इंजिनिअरसाहेबांकडे धावलो. त्यांनी बाटली पाहिली, स्वच्छ आहे म्हणाले. ओढे गढूळ होतातच म्हणाले. हंगाम भरात आहे, हॉटेलं भरलीत, तळं रिकामं करायला वरून लेखी परवानगी लागते, तिला दहा दिवस. धार बघायला चला म्हटलं, तर उद्या बघू.

ताई, बांधाखालचं पहिलं घर तुझं. आईला घेऊन टेकडीवरच्या शाळेत जा. पाया पडतो.
तुझा धाकटा

१३ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कशी जाऊ? आईला हलवायचं तर खाटेसकट, चार माणसं हवीत. शेजारी हसले. तळं काय आज बांधलंय का, म्हणाले. डॉक्टर हलवू नका म्हणतात.

सकाळी ओढ्यात पाय घातला, तर वाळू लागलीच नाही. लोण्यासारखी लाल माती. मी ओरडलेच. दिवसभर मागच्या दारात उभी राहते आणि आई विचारते, कुणाची वाट बघतेस?

धाकट्या, मला भीती वाटते. भ्यायची सवय तुला आहे, मला नाही. भ्यायलेल्या माणसानं काय करायचं असतं, तेवढं लगेच कळव.
तुझी ताई

१५ मे

ताई,

दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती चिठ्ठी देतोय. तळ्याचं दार उघडलं. आधी उघडलं, आता विचारणारे जमलेत. दाराचं चाक सकाळपासून एकट्यानं फिरवलं, तळहात सोलवटले. सोडलेल्या पाण्यानं ओढा तुझ्या मागच्या पायरीपर्यंत चढेल, तिथंच थांबेल. त्याला भिऊ नकोस. होडीवाले खोलीचं दार ठोठावताहेत, इंजिनिअरसाहेबांनी पोलीस बोलावलेत. मी आतून कडी लावून चाकाला पाठ टेकून बसलोय. भ्यायलेल्या माणसानं काय करायचं असतं, मला हे एवढंच सुचलं.

चूक निघालो तर मला आपलं म्हण.
धाकटा

२० मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाणी पायरीवरच थांबलं. काल इंजिनिअरसाहेब स्वतः चार माणसं घेऊन आले आणि बांध दुरुस्त होईपर्यंत म्हणून आईला खाटेसकट शाळेत पोचवून गेले. तळं आटल्यावर बांधाच्या आतल्या बाजूला भगदाड दिसलं म्हणे, माणूस वाकून आत जाईल एवढं. आणखी दोन दिवस गेले असते तर बांध फुटलाच असता, म्हणाले. तुला कामावरून काढलंय हेही त्यांनीच सांगितलं. चौकशीत दाखवायला माझी एक पिवळी चादर मागून नेली.

वर सगळे तुला शिव्या घालताहेत, होड्या चिखलात बसल्यात, हे ऐकून मला रडू आलं. आईला सगळं सांगितलं, आपल्या भागूबाईनं काय केलं ते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तेव्हाही तो माठ सकाळी फुटलाच होता, आणि आपण मार त्यालाच दिला होता.

घरी ये. सध्या शाळा हेच घर, आईच्या खाटेशेजारी तुझं अंथरूण घातलंय.
तुझी ताई