दादाची लेस

रविवार, संध्याकाळ

आज नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत धावताना दादा तीनदा लेस बांधायला थांबला. दोनदा मी चिडले. "नवे बूट घे ना रे!"

तिसऱ्यांदा, लेण्यांच्या पायऱ्यांखाली, मी मागे वळून पाहिलं. लेस घट्ट होती. एक हात लेसवर, दुसरा छातीवर, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "तू हो पुढे, आलोच."

मला धावायला यानेच शिकवलं. दर रविवारी वरचं दगडी टाकं दाखवून ऐकवणार, "दोन हजार वर्षं झाली, थेंब गळत नाही. आपल्या बिल्डिंगची टाकी बघ!" आज टाक्यापर्यंत आलाच नाही. पायरीवर बसला. "तुझ्या वहिनीला बोलू नकोस हां. उगाच डॉक्टर-बिक्टर."

बाबाही असंच म्हणायचे, हार्ट अटॅकने जाईपर्यंत. मला माहीत होतं ना हे? मग तिथेच वहिनीला फोन का नाही केला? अजूनही केलेला नाही.

केलं काय, तर त्याच्या शेजारी बसले, माझी घट्ट लेस सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. त्याला दम खायला वेळ मिळावा म्हणून.

मग त्याने "चल" म्हटलं, आणि आम्ही धावतच परत आलो.