अठ्ठेचाळीस फोटोंचा एक फोटो

नेरडीगोंडा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षास,
सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. कापसाची वेचणी चालू आहे. बाबा दोन घास खातात आणि ताट सरकवतात. तू आणि जीवनराव बरे असाल.

माय गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी आहे. फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. विहारातल्या मोठ्या फोटोतून मायचा चेहरा काढून फ्रेम करशील का? आणि फोटोच्या दिवशी मायनं माझ्याकडं एकदा तरी पाहिलं का? मी ‘पाहतो’ म्हणून फोन ठेवला. पाहण्यासारखं काही उरलं नाही, दीक्षा. तोंडानं सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

बुद्धपौर्णिमेचा तो फोटो एक नाही, अठ्ठेचाळीस आहेत. स्टँडवर कॅमेरा फिरवत थोडा थोडा भाग टिपायचा आणि मग कॉम्प्युटरवर जोडायचा. दहा फुटी भिंतीवर लावला तरी प्रत्येकाची पापणी दिसते. अट एकच, तीन मिनिटं कुणी हलायचं नाही. हललेला माणूस पुसट उमटतो. आम्ही धंद्यातले लोक त्याला भूत म्हणतो. एक बटण दाबलं की कॉम्प्युटर सगळी भुतं काढून टाकतो.

कॅमेरा फिरत असतानाच माय खुर्चीवरून उठली. तू मागं टोकाला उभी होतीस, घरच्यांच्या मनाविरुद्ध केलेल्या लग्नानंतर चार वर्षांनी पहिल्यांदा आलेली. ती तुझ्या पाठीमागं पोचली, हात पुढं केला. तुझ्या खांद्यापासून चार बोटं अलीकडं असेल. मी ओरडलो, “माय, हलू नको वं! जाग्यावर बस!”

“दीक्षीपाशी उभी राहतो न बापा,” ती हळूच म्हणाली. तुला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा ओरडलो. ती जाऊन बसली, पण तोवर खुर्चीचा भाग रिकामाच टिपून झाला होता.

मी बटण दाबलं. माय गेली. हवेत नुसता एक हात राहिला होता, तो वाईट दिसत होता म्हणून मी माझ्या हातानं पुसला. मूळ फोटो लग्नाच्या ऑर्डरला जागा हवी म्हणून उडवले. परवा डिस्क आदिलाबादला नेली. परत येत नाहीत म्हणाले. आधार कार्डावरचा फोटो मोठा केला, तर नाक-डोळेच राहत नाहीत.

भिंतीवर फोटो लागला त्या दिवशी माय पाहायला आली होती. सगळ्यांवरून बोट फिरवलं. “मी काऊन नाही रे याच्यात?” मी हसलो. म्हटलं, “तू हललीस न.” तिनं पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि घरी गेली.

गावभर फोटो काढत फिरलो आणि मायचा एक धड फोटो माझ्याकडं नाही. मला माझीच किळस येते.

तिनं तुला माफ केलं होतं का, मला माहीत नाही. ती तुझ्याकडं निघाली होती एवढं मी पाहिलं. तिला परत बसवणारा मीच.

दादा म्हणशील की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो,
हर्षदीप