निविदाकार ‘ख’ यांस

जानकीपुरम, लखनौ
रविवार

प्रिय विष्णू,

अक्षर ओळखलंस ना? पूर्वीपेक्षा वाकडं झालंय, कारण आता हातानं फक्त सह्याच करते. जूनमधल्या त्या बैठकीत तू मला ‘मॅडम’ म्हणालास आणि मी तुला म्हणाले, ‘आप अपना प्रश्न लिखित में दे दीजिए.’ इतक्या वर्षांनी आपण भेटलो आणि बोललो ते एवढंच. बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या शंका ऐकायला बोलावलेली ती बैठक. तिथं तू समोरच्या रांगेत बसलेला असशील, केस पिकलेला, चष्मा गळ्यात अडकवलेला, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. नंतर तुझा मेसेज आला, मग दोन फोन. मी उत्तर दिलं नाही. माणिकनं जुना राग धरून ठेवलाय असं तुला वाटलं असेल. राग नव्हता रे. खरेदी समितीच्या सदस्यानं बोली लावणाऱ्याशी बोलायचं नसतं, त्याच्याबरोबर चहासुद्धा घ्यायचा नसतो. नियम चांगला आहे आणि नव्या पोरांना तो मीच शिकवते. तरी आज लिहायला बसलेय. ते कसं काय, ते सांगेन. आधी थोडं बोलू दे, फार दिवस कुणाशी मराठीत बोलले नाही.

ही फाईल माझ्याकडे आली गेल्या दिवाळीनंतर. आमच्या पेन्शन कार्यालयात रोज गठ्ठ्यांनी पत्रं येतात, छावणीतल्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या निवृत्त फौजींची, त्यांच्या विधवांची. उत्तरं लिहायला माणसं उरली नाहीत, म्हणून वरून हुकूम आला की स्वतः मजकूर लिहिणारी एआय प्रणाली विकत घ्या. घ्या म्हणायला काय जातं? नियमाप्रमाणे आधी ठरवावं लागतं की ही वस्तू आहे की सेवा, आणि त्यावरच दोन महिने गेले. निविदेचा मसुदा म्हणून हाती आला तो फोटोकॉपी मशीनच्या खरेदीचा. त्यात नग किती, सुटे भाग किती वर्षं मिळतील, पहिल्या मजल्यावर चढवण्याची हमाली कोण देणार, सगळं होतं. आमचे वित्त सदस्य रस्तोगीजी सज्जन गृहस्थ आहेत, पण हमालीचं कलम त्यांनी काढू दिलं नाही. म्हणाले, हटाएँगे तो ऑडिट पूछेगा, रहने दीजिए तो कोई नहीं पूछेगा. तेव्हा ते अजून तिथंच आहे आणि तुम्हां चारही कंपन्यांना ते मान्य असल्याची सही करावी लागली. तू ती सही करताना हसला असशील, असं मला उगाच वाटत राहिलं.

मागच्या सात वर्षांत अशी तीन कामं केल्याचा दाखला हवा, असंही एक कलम होतं. सात वर्षांपूर्वी ही चीज कुणी विकत होतं का? ते मी भांडून काढलं, नाहीतर तुमच्यासारखी लहान कंपनी दारातूनच परत गेली असती. हे तुझं नाव कळायच्या आधीचं आहे, तेही इथे लिहून ठेवते. मग खरी कलमं आली. पेन्शनरांची पत्रं देशाबाहेरच्या यंत्रावर जाता कामा नयेत. उत्तर चुकलं आणि एखाद्या बाईचे पैसे अडकले तर जबाबदार कोण? कंपनीनं आतलं मॉडेल गुपचूप बदललं तर आम्हाला कळणार कसं? एकेका ओळीसाठी चार चार बैठका. प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारायचं, मैडम, ये सब मुफ़्त में मिलता है ना मोबाइल पे? मी थकले, विष्णू. दोन वर्षांनी निवृत्त होईन. गेल्या वर्षी ‘अजून तीनच वर्षं’ म्हणायचे, आता ‘अजून दोन वर्षं’ म्हणते.

इथलं तेलीबाग आता तुला ओळखू येणार नाही. तुझी ती खोली जिथं होती तिथं मोबाइलची दुकानं झालीत, आणि रायबरेली रोड ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. त्या खोलीत तू जमिनीवर मांडी घालून बँकेच्या ग्राहकांना उत्तरं लिहीत बसायचास, ते मात्र मला जसंच्या तसं दिसतं. दिवसभर तक्रार विभागात तेच काम, आणि घरी आणूनही तेच. मी अमरावतीहून नवी नवी आलेली, हिंदीत धड भाजीही घेता येत नव्हती, आणि तू मला तुझे मसुदे वाचून दाखवायचास. माणसाला आधी उत्तर द्यावं, कारण मागून सांगावं, हे तुझं तत्त्व. पैसे मिळणार की नाही, हे पहिल्या ओळीत. मग काय करायचं ते. मग कुठल्या खिडकीवर जायचं ते. तुझे मॅनेजर त्यावर लाल रेघ मारून ‘आपको सूचित किया जाता है कि’ घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तसंच लिहायचास. तुझ्या त्या हट्टावर मी जीव टाकला, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला वाटायचं, तुझ्या आवाजावर.

पुढचं तुला माहीत आहेच. तुझी बदली गुवाहाटीला झाली, त्याच वर्षी आई गेली आणि आण्णा माझ्याकडे राहायला आले. मला त्यांना सोडून येता येईना, तुला बदली टाळता येईना. तू थांबलास, बराच थांबलास. नंतर तुझ्या घरच्यांनी सुरुचीला पाहिलं आणि मीच तुला हो म्हणायला सांगितलं. त्यात कुणाची चूक नव्हती, आणि मी कधी कुणाची धरलीही नाही. सुरुची गेल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं, तेव्हा तुझ्या गुवाहाटीच्या जुन्या पत्त्यावर दोन ओळी पाठवल्या होत्या; त्याहून जास्त लिहिणं बरं दिसलं नसतं. आण्णा मागच्या थंडीत गेले. शेवटपर्यंत डोकं ठिकाणावर होतं. एकदा वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांनी विचारलं, तो बँकेतला मुलगा हल्ली कुठे असतो? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. तू बँक सोडून पुण्यात या कंपनीत गेलास, तिथं यंत्राला उत्तरं लिहायला शिकवतोस, हे मला त्या बैठकीत तुझ्या मालकाकडून, त्या अभिजितकडून कळलं. पोरगं भाबडं आहे. सगळ्यांसमोर सांगून मोकळं झालं की हे आमचं पहिलंच सरकारी टेंडर आहे, मिळालं नाही तर भाषेची टीम ठेवणं परवडणार नाही. तू तेव्हा खाली टेबलाकडे बघत होतास.

आता जे सांगायला बसले ते सांगते. गुण द्यायची पद्धत मीच सुचवली होती. शंभर जुनी पत्रं काढली, नावगाव पुसलं आणि चारही प्रणालींना दिली. त्यांची उत्तरं आमच्यापुढे आली ती क, ख, ग, घ या अक्षरांखाली. कुठलं अक्षर कुठल्या कंपनीचं, हे समितीत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे ओळखीपाळखीनं किंवा बड्या नावाला बघून कुणी गुण देऊ नयेत. आमचे अध्यक्ष निगमसाहेब सहसा कौतुक करत नाहीत. त्यांनीही मान डोलावली. मी आपली खूश. बैठकीत तुला पाहूनही मी समितीत राहिले ती या अक्षरांच्याच भरवशावर. ताकही फुंकून पिणारी बाई मी, कुठे फट ठेवली असेल असं वाटलंच नाही.

क, ग आणि घ यांची उत्तरं गुळगुळीत होती. आम्हाला आपल्या असुविधेबद्दल अत्यंत खेद आहे, आपले योगदान अमूल्य आहे, आणि तीन परिच्छेद वाचूनही पैसे मिळणार की नाही याचा पत्ता नाही. ‘ख’चं पहिलं उत्तर फौजेतल्या एका नायकाच्या विधवेला होतं. पहिलीच ओळ होती, ‘आपकी पेंशन बंद नहीं हुई है, रुकी है, और मिल जाएगी.’ मग कुठले दोन कागद आणायचे ते. आणि शेवटी, ‘सोमवार को मत आइए, भीड़ रहती है. किसी को साथ लाइए, सीढ़ियाँ हैं.’ मी पेन खाली ठेवला. गुवाहाटीहून तू मला लिहायचास, सोमवारी बूथवरून फोन करू नकोस, रांग असते, उन्हात उभी राहशील. यंत्रानं लिहिलं होतं खरं, पण त्याला ते कुणी शिकवलं हे मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. बाकीचे सदस्य त्याच कागदावरून नजर फिरवून चहा मागवत होते.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही. शंभरच्या शंभर उत्तरं वाचली, कारण मला ती वाचावीशी वाटली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी नीट बोलत होतं, असं वाटलं, आणि बोलणं तर होतं पेन्शनरांशी. मग मी गुण दिले. ‘ख’ला सगळ्यांत जास्त. समितीत भाषेकडे बघणारी मी एकटीच, तेव्हा माझ्या गुणांना वजन होतं. घरी आले तेव्हा बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले, औषध संशोधन केंद्राच्या भिंतीकडेनं, आणि चालता चालता स्वतःलाच विचारलं की ही उत्तरं दुसऱ्या कुणाची असती तर? तरीही तीच चांगली, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, वकिली पुरे. मला उत्तर आवडलं की तू, हे मला सांगता येईना. आणि जिला ते सांगता येत नाही तिनं गुण देऊ नयेत, एवढं तर इतकी वर्षं नोकरी करून कळतं.

म्हणून मी समिती सोडली. माझे गुण रद्द झाले. किमतीची बोली अजून उघडलेली नाही, त्यामुळे तुमची कंपनी बाद होत नाही, एवढं मी आधी विचारून घेतलं. अक्षरं बदलतील आणि माझ्या जागी नवे सदस्य येऊन पुन्हा वाचतील. कोण येणार तेही ऐकलंय, आणि त्यांना लांबलचक, नम्र, खेद व्यक्त करणारी उत्तरं आवडतात हे साऱ्या कार्यालयाला ठाऊक आहे. तुझं काम चांगलं आहे, विष्णू. ते चांगलं आहे हे या इमारतीत ओळखू शकेल अशी एकच बाई होती, आणि तिला बाहेर जावं लागलं. त्या विधवेला बहुतेक ‘अत्यंत खेद’ मिळेल. याचं मला वाईट वाटतं, तुझ्यापेक्षा थोडं जास्तच तिच्यासाठी. तू समजून घेशील, ती जिन्याखाली उभी राहील.

आता हे पत्र. समिती सोडताना कारण द्यावं लागतं. छापील निवेदनात नाती दिलेली आहेत, पती, मुलगा, भाऊ, दीर, जावई. त्यांतलं कुठलं, असं निगमसाहेबांनी विचारलं. कुठलंच नाही म्हटल्यावर म्हणाले, तो फिर दिक़्क़त क्या है, लिख दीजिए ‘पुराना परिचय’. खरं म्हणजे तेवढ्यानं भागलं असतं. मी लिहायला घेतलं, ‘उक्त प्रतिनिधि से मेरा पुराना परिचय’ आणि पुढे हात चालेना. जे होतं त्याला परिचय म्हणणं म्हणजे खोटं निवेदन. मी त्यांना म्हटलं, मला हे फक्त त्याच माणसाला उद्देशून आणि मराठीत लिहिता येईल. तेच माझं निवेदन धरा. ते म्हणाले, अनुवाद लगा दीजिएगा. तेव्हा विष्णू, हे पत्र उद्या आवक क्रमांक पडून फाईलला लागेल. हिंदी अनुवाद मीच करणार आहे. तो बरोबर असल्याची सही लेखा विभागातली श्रुती करेल, आपल्या मराठी माणसांतलीच. ती इथंच वाढलेली, मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देते; म्हणाली, ताई, मैं बस साइन करूँगी, पढ़ूँगी नहीं. पण वाचेल. रस्तोगीजी वाचतील, ऑडिटवाले वाचतील. तुझ्याकडे हे निकालानंतर पाठवलं जाईल, म्हणजे तू जिंकलास की हरलास हे तुला आधीच माहीत असेल, लिहिताना मला माहीत नाही. काहीही झालं असलं तरी फोन कर, आता मी उचलेन. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटत नाहीये. आपली दोघांची नावं एकत्र असलेला सरकारदरबारी हा पहिलाच कागद आहे. निगमसाहेबांनी जाता जाता एवढंच सुचवलं, की शेवटी सरकारी रिवाजाप्रमाणे ‘भवदीया’ लिहिलंत तर बरं. तेवढं मी ऐकणार नाही.

तुझीच,
माणिक