अडथळा क्रमांक चार रिकामा न करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
कामगार क्रीडा मंडळ, औरंगाबाद.

विषय: चकतीच्या मैदानातील घरात माणसेही राहू देण्याबाबत.
संदर्भ: घर सोडण्याविषयीची आपली नोटीस.

महोदय,

अर्जदार कडूबा मुंजाबा, धंदा मेंढरे राखणे, राहणार हर्सूल, सविनय अर्ज करतो की,

१) अर्जदाराच्या घराभोवतीच्या माळावर आपण कारखान्यांतील लोकांसाठी चकती फेकण्याचे मैदान आखले. ताटलीएवढी चकती लांबून फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, असा हा खेळ. त्यासाठी तीन खुंट्या रोवल्या: नवशिक्यांना लाल, सरावलेल्यांना पांढरी, तरबेजांना निळी. लाल खुंटीवरून टोपली समोर दिसते. निळीवरून मात्र मध्ये अर्जदाराचे घर येते आणि चकती त्याला वळसा घालून न्यावी लागते. नकाशात घराची नोंद ‘अडथळा क्र. ४’ अशी आहे. आखणी झकास आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

२) तक्रार एवढीच, की कौशल्याच्या खुंट्या पगाराप्रमाणे वाटल्या गेल्या. लाल खुंटीवर उभे राहणे साहेब लोकांना कमीपणाचे वाटते. त्यामुळे कालच पहिल्यांदा चकती हातात धरलेले मॅनेजरही थेट निळीवर जातात, आणि हात बसलेले कामगार मुकाट्याने लालवरून फेकतात. परिणामी घराचे पत्रे सारखे वाजतात, अन् मागच्या रविवारी एक मेंढी लंगडी झाली. पत्र्यावरच्या चकत्या पोत्यात भरून सोबत पाठवल्या आहेत.

३) हे कळवल्यावर आपण मेहेरबान होऊन निर्णय दिला, की तरबेजांसाठी अडथळा आवश्यक असल्याने घर जागेवर राहील, सुरक्षिततेसाठी माणसांनी मात्र महिनाअखेर निघून जावे. नोटीस ऐकून अर्जदाराची पत्नी सारजाबाई आपल्या शिपायाला म्हणाली, “घर ऱ्हाईल अन् आमी जावं? मंग भिताडं सारवायला तुमचे सायब येतील व्हय?” उद्धटपणाची माफी असावी, पण प्रश्न रास्त आहे. मातीच्या भिंती आत माणूस आहे म्हणून टिकतात. घर ओस पडले की ढासळेल, आणि आपली निळी खुंटी लालच्या लायकीची होऊन बसेल.

४) याआधी कारखान्यांसाठी चराईची जमीन गेली तेव्हाही अर्जदारास अडथळाच म्हटले होते, पण तोंडी. तोंडी असल्याने पुढे भरपाईच्या वेळी कुणी ओळख दाखवली नाही. विद्यापीठाच्या नावासाठी हे शहर इतकी वर्षे झगडते आहे. कागदावरच्या नावाचे मोल येथे कुणाला सांगायला नको.

तरी नकाशात अडथळा क्र. ४ पुढे अर्जदार, सारजाबाई व मेंढरे यांची रीतसर नोंद व्हावी. म्हणजे आम्हाला हलवायचे तर आधी आपला नकाशा बिघडेल, आणि नकाशाला तरी आपण जपता.

हर्सूल, ता. ४ एप्रिल १९८६

आपला नम्र अडथळा,
कडूबा मुंजाबा